नानांच्या कपाळावरचं गंध

नाना गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये दोनशे माणसं टीव्हीपुढं बसली होती आणि सिनेमातल्या नायिकेला केस नव्हते.

केस असणारच. पण पडद्यावर तिचा गोरा चेहरा तेवढा दिसत होता. केस, काळी साडी आणि मागची रात्र मिळून डांबराचा एकच गोळा झाला होता, आणि त्या गोळ्यातून एक तोंड गाणं म्हणत होतं.

"ज्ञानदेवराव, बाई टकली झाली ओ!" मागून कुणीतरी ओरडलं.

पहिल्या रांगेतल्या गार्डसाहेबांनी उठून बटण पिळलं. केस आले, साडी आली, पण रात्र गेली. पडदाभर राख सांडल्यासारखं झालं. मग हॉलमध्ये अंधारवाले आणि उजेडवाले असे दोन पक्ष पडले आणि गाणं संपेपर्यंत ते बटण दोघांच्या हातात फिरत राहिलं. साल सत्त्याहत्तर. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून निघालेलं चित्र दौंडला पोचेपर्यंत दमलेलं असायचं आणि त्याला हाताला धरून उभं करायचं काम माझ्या वडिलांकडं होतं. नाना रेल्वेच्या सिग्नल-टेलिकॉम खात्यात होते. इन्स्टिट्यूटचा टीव्ही ही त्यांची बिनपगारी नोकरी.

मध्ये बातम्या लागल्या तशी माणसं चहाला उठली. नानांनी टीव्ही बंद केला, पुढचे दोन स्क्रू काढून काच उतरवली, आतली धूळ धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसली, काच परत बसवली आणि मागं जाऊन पाठीचा पुठ्ठा काढला.

"ललिता, आरसा धर. मला मागून पडदा दिसत नाही."

मी शाळेत ग्रंथपाल. शनिवारी घरी आणलेली कादंबरी माझ्या हातात होती आणि ऐंशी पानं उरली होती. मी एका हातात आरसा धरला, दुसऱ्या हातात कादंबरी.

"टीव्हीत काळा रंग नसतो बघ," नाना मागून बोलत होते. एखादी गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय त्यांना ती दुरुस्त करता येत नसे. "सिंहगडावरून काळं कुणी पाठवत नाही. जिथं उजेड पडला नाही, ती जागा काळी. आता किती थोड्या उजेडाला अंधार म्हणायचं, ते इथं ठरवायचं असतं. ते चुकलं की बाईचे केस रात्रीत बुडतात, नाहीतर रात्रीचीच राख होते. काळं काळ्याच्या जागी बसलं पाहिजे. आता हा बंद पडदा बघ. काळा आहे?"

"काळाच आहे."

"न बघता सांगतेस. नीट बघ, भुरकट आहे. बंद टीव्ही कधीच कोळशासारखा काळा नसतो. आपण अंधारात बसतो म्हणून वाटतो. हं, आता चालू करतो. आरसा सरळ धर. सरळ... अगं, मला छत दिसतंय."

"नाना, तुमच्या या खोक्यापायी माझा रविवार गेला."

ते हसले. "पुढच्या रविवारी नाही सांगणार."

त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना स्टेशनच्या पुलावर, मधल्या पायऱ्यांवर ते बसले, आणि उठले नाहीत.

लोक भेटायला येत, विचारत. मी म्हणत असे, नाना गेले. नाना आता नाहीत. नानांचं अचानक झालं. या एका गोष्टीसाठी आपल्याकडं किती शब्द आहेत आणि सगळे किती सभ्य, हे मला त्या महिन्यात कळलं. मी ते सगळे वापरले. एकच वापरला नाही.

*

नानांच्या आठवणीत करायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता आणि नानांचा फोटो म्हणजे रेल्वेच्या पासावरचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. साहेबरावमामा, आईचा धाकटा भाऊ, मांडवगण फराट्याला राहतो. त्याची शिरूरच्या एका फोटोवाल्याशी ओळख होती. हौसराव त्याचं नाव. मामा पास घेऊन गेला आणि आठ दिवसांनी भली मोठी तसबीर घेऊन आला.

तसबिरीत नानांना कोट होता. टाय होता. आणि कपाळाला ठसठशीत उभं गंध होतं.

हौसरावाची ही पद्धतच होती. कुणाही गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करायला आला की तो बारीक कुंचल्यानं त्याला आधी कोट चढवायचा आणि मग गंध लावायचा. न विचारता. अत्तारांच्या आजोबांनाही त्यानं लावलं होतं आणि मग ब्लेडनं खरवडून दिलं होतं म्हणतात.

आईनं तसबीर पाहिली आणि पदर डोक्यावर सारखा केला. परक्या पुरुषापुढं करतात तसा.

"हे आमचे न्हाईत," ती म्हणाली. "परत ने, सायबा."

आई-नाना छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले होते. परत आल्यावर दोघांनी कोनाड्यातले देव उचलले आणि भीमेत सोडले. आई सांगते, येताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, इतकी भीती वाटत होती. घरी येऊन नानांनी रिकाम्या कोनाड्याला फळी ठोकली आणि त्यांच्याकडची पाच पुस्तकं तिथं मांडली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पाचाची पुढं दीडशे झाली. कोनाडा पुरेना तेव्हा पुस्तकं दोन रांगांत बसली. आमच्या घरात कुणी आलं की आई त्यांना आधी तो कोनाडा दाखवायची.

मामा तसबीर घेऊन परत शिरूरला गेला. हौसरावानं दुसरी करून दिली, गंधाशिवायची. पहिली त्याच्याकडंच राहिली. दुसऱ्या तसबिरीतही टाय होताच, पण आई म्हणाली, "राहू द्या. हौस होती त्यांना."

*

फेब्रुवारीत आई चार दिवस माहेरी गेली. ती परत आली त्या दिवशी मी शाळेतून आले, तर पुस्तकं जमिनीवर होती. दीडशेच्या दीडशे, भिंतीला टेकून, गठ्ठे करून. आणि आई ओल्या फडक्यानं रिकामा कोनाडा पुसत होती.

"आई, हे काय?"

"जागा करतीया."

"कशाला?"

पुसता पुसता माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "ते अंधारात उभे हायेत, ललिता. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिरूरला घोडनदीच्या काठी, एका जुन्या गोदामात, तेजोनाथबाबा नावाचे कुणी उतरले होते. ते टीव्हीवर गेलेली माणसं दाखवत. मामानं आठवडाभर आधीच नानांचं नाव नोंदवलं होतं आणि तिला घेऊन गेला होता. आणि बाबांनी सांगितलं होतं, की यांनी घरातले देव पाण्यात टाकले म्हणून यांना उजेड मिळत नाही. देव परत बसवा, येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी नदीवर विधी करा, मग हा आत्मा उजेडात येईल.

"बाबांना देवांचं कसं कळलं?"

"त्येंना समदं कळतं."

"मामानं सांगितलं असेल."

"त्यो काय सांगतोय? नाव लिवताना बाबांच्या चेल्यानं, त्या म्हस्कूनं, चहा पाजला, तवा बोलला आसंल चार शब्द."

मामा चार शब्द बोलला असता तर मला आनंद झाला असता. मामा चहाबरोबर माणसाचं सगळं घर सांगतो.

"आई, तू आणि नानांनी मिळून केलं होतं ते."

"मिळूनच केलं. आन् आता ते एकलेच अंधारात." तिनं फडकं पिळलं. "त्येंना तसंच ठिवू व्हय?"

कोनाड्यात पुस्तकं राहतात की देव, हा वाद मी जिंकू शकले असते. पण ती वाद घालत नव्हती. आयुष्यात तिनं एकच मोठं धाडस केलं होतं, ज्याच्या जोडीनं केलं तो आता नव्हता, आणि ते धाडसच त्याला भोवलं असं तिला कुणीतरी पटवलं होतं.

"मलाही बघायचंय," मी म्हणाले.

*

त्या रविवारी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत सकाळी साडेनऊला उभं राहायला जागा नव्हती. अर्धी गाडी बाबांकडंच निघालेली. प्रत्येकाच्या मांडीवर तुपाचा डबा. बाबा पैशाला शिवत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. फक्त तूप. आत्म्याच्या वाटेवर दिवे लावायला लागतं. तेवढ्या तुपात पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत झाली असती रोषणाई.

गोदामाच्या छपरावर टीव्हीचा अँटेना होता. साऱ्या शिरूरचे अँटेने सिंहगडाकडं तोंड करून, हा एकटा थेट दक्षिणेकडं. "यमाची दिशा," शिरूरला आम्हाला येऊन मिळालेल्या मामानं मला हळूच सांगितलं. दारावर पाटी: फोटो आणण्यास सक्त मनाई.

"बघ," मामा म्हणाला, "फोटो न बघता दाखवत्यात. आजून काय पायजे तुला?"

आत सगळ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली. दोरीपलीकडं उंच चौरंगावर टीव्ही, त्याची बटणं भगव्या वस्त्राखाली, आणि त्या वस्त्राखाली एक हात घालून बसलेले बाबा. मध्यम वय, दाढी ताजी, आवाज कमावलेला.

"बाळांनो! दूरदर्शन म्हणजे काय? दूरचं दर्शन! आणि परलोकाहून दूर काय आहे? सरकार तुम्हाला मुंबई दाखवतं. आम्ही वैकुंठ दाखवतो. फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा!"

"व्हय, व्हय," माणसं म्हणाली.

"आज नाव दिलं तर आत्मा आठ दिवसांनी भेटेल. का? तिकडची लाइन लागावी लागते. ट्रंककॉल लावता का नाही? पुण्याला ट्रंककॉल करायला चार तास. हे तर स्वर्गात आहे!"

"बरुबर हाय," शेजारची म्हातारी मला म्हणाली. "माजा म्हाळू नवव्या दिवशी लागला. एक दिस उशीर झाला, पर लागला." ती धुरपदामावशी. तिचा मुलगा विहिरीच्या कामावर सुरुंगात गेला होता. दर रविवारी ती न्हावऱ्याहून येत होती, त्याला बघायला. गाठोड्यात भाकरी बांधून. "त्यो भुकेजलेला दिसतो गं," ती म्हणाली. "पर आत द्याया येत न्हाई."

एकेक आत्मा झाला की म्हस्कू, बाबांचा शिष्य, टीव्हीपुढं पडदा ओढायचा. "पडद्याला स्नान!" बाबा सांगायचे. आतून गुलाबपाण्याचा वास यायचा आणि दोन मिनिटं खुडबुड. मग पडदा बाजूला, दुसरं नाव.

"दौंडचे ज्ञानदेव!"

आईनं माझं मनगट धरलं. टीव्हीचा पडदा काळाभोर होता. बाबांनी मंत्र सुरू केला, वस्त्राखालचा हात किंचित हलला, आणि त्या काळ्यातून हळूहळू नाना वर आले. आधी कपाळाची कड, मग नाक, मग डोळे. विहिरीच्या तळातून माणूस वर यावा तसे. तीन महिन्यांनी. मी आईसकट दोरीपर्यंत पुढं सरकले.

मग मला गंध दिसलं. ठसठशीत, उभं.

"बाबा," मी म्हणाले, "त्यांच्या कपाळाला काय आहे?"

बाबांनी मंत्र तोडला. "तिकडं गेल्यावर सगळ्यांना लावतात, बेटी."

"व्हय, लावत असतील," मागून एक माणूस म्हणाला. जसं काही तो चार दिवस राहून आला होता.

नाना परत काळ्यात बुडाले. बाबांचा हात वस्त्राखाली होताच. तेवढ्यात कुणी उशिरा आलेल्यानं दार ढकललं आणि उजेडाची तिरीप टीव्हीच्या एका कोपऱ्यावर पडली. म्हस्कू ओरडला, दार लागलं. पण मी तो कोपरा पाहिला होता. कोळशासारखा काळा.

बंद टीव्ही कधीच कोळशासारखा काळा नसतो.

*

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनात एकेक गोष्ट मांडत होते. बाबांनी फोटो मागितला नाही. पण तालुक्यात कुणी गेलं की फोटो मोठा करायला माणसं हौसरावाकडंच जात. गंध लावलेले नाना जगात एकाच ठिकाणी होते, हौसरावाच्या फळीवर पडलेल्या त्या परत केलेल्या तसबिरीत. परलोकातून आलेल्या नानांनी पापणी हलवली नाही. आणि त्यांच्याभोवतीचा काळा टीव्हीचा नव्हता. त्याच्यापुढं काहीतरी काळं लावलेलं होतं.

मागच्या वर्षी आईचं मनगट मोडलं तेव्हा रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली होती. पेटी बंद असताना ती नुसती काळी पाटी होती. बटण दाबल्यावर आतून हाड उजळलं.

मी आईला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला तुझे नाना नकोत का गं?" ती म्हणाली.

पाटस आल्यावर तीच म्हणाली, अगदी हळू, "गंध मात्र मलाबी आवडलं न्हाई."

*

पुढच्या रविवारी आई विधीच्या तयारीनं निघाली. बाजारातून आणलेले दोन पितळी देव, फडक्यात गुंडाळलेले. माझ्या पिशवीत नानांची तीन सेलची बॅटरी आणि त्यांचा पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर. दोघींनी एकमेकींच्या पिशवीत काय आहे ते विचारलं नाही.

गोदामात गर्दी दुप्पट. आमच्या आत्म्याचा आज उद्धार, म्हणून नाव पहिलं. म्हस्कूनं पडद्याला स्नान घातलं, बाबांचा हात वस्त्राखाली गेला आणि नाना वर आले.

"माई, शेवटचं बोलून घ्या," बाबा म्हणाले.

आई दोरीला टेकली. तिनं नानांकडं नीट बघितलं आणि नेहमीसारखं, संध्याकाळी ते घरी आल्यावर बोलायची तसं म्हणाली, "अवो, ते पुसा आधी."

"आत्म्याला हात नसतात, माई," बाबा म्हणाले.

"मग लावलं कुणी?"

"तिथल्यांनी."

"त्येंना इचारून?"

"तिथं कोण विचारतं माई, तिथं नियम असतो."

"म्हंजी तिथंबी तसंच?" आईचा आवाज चढला. मी तिचा असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. "आमच्या कपाळावर काय आसावं ते तिथंबी दुसऱ्यांनीच ठरवायचं? एवढी तंगडतोड केली त्या माणसानं जल्मभर, नागपूरपातुर गेला, आन् वर जाऊन परत तिथंच? आन् गप बसला? माझा नवरा गप बसनारा न्हवता, बाबा. त्यो स्टेशन मास्तरपुढंबी गप बसला न्हाई!"

कुणीतरी हसलं. बाबांच्या हाताची हालचाल झाली, नाना विझायला लागले. "आत्मा दुखावला! पडदा! पडदा ओढ, म्हस्कू!"

मी दोरीखालून गेले. चौरंगाच्या मागं टीव्हीची वायर खाली आली होती. मी ती ओढून काढली. तिथंच मला छपरावरून आलेली अँटेन्याची तारही दिसली. ती टीव्हीला जोडलेली नव्हतीच. तिचं टोक एका लिंबात खोचलेलं होतं.

"तार तुटली!" बाबा ओरडले. "अरे पोरी, आत्मा मध्ये अडकला! त्याला ना इकडं ना तिकडं!"

"मग बघू या कुठं अडकलाय," मी म्हणाले आणि नानांची बॅटरी पडद्यावर धरली.

टीव्ही बंद होता. वीज नव्हती, मंत्र नव्हता. आणि नाना तिथंच होते. काळ्या चौकटीत, जरा भुरकट, गंध लावून. मी बॅटरी हलवली, ते हलले नाहीत. विझवली, गेले. लावली, आले. मी चारदा केलं. चौथ्या वेळी मागून एक बाई म्हणाली, "आगं, ह्यो तर फोटू!"

"कापडं काढा खिडक्यांची," मी म्हणाले. आधी कुणी हललं नाही. मग साहेबरावमामा उठला. मामा, ज्यानं आम्हाला इथं आणलं होतं. त्यानं एका खिडकीचं कापड धरलं आणि खिळ्यांसकट खाली ओढलं. दुपारच्या उन्हात सगळे डोळे चोळायला लागले. बाबा त्या उजेडात एकदम साधे दिसले, एसटीत शेजारी बसले असते तर ओळखू आले नसते. म्हस्कू दोन हातांत तुपाचे दोन डबे घेऊन मागच्या दाराकडं निघाला होता. दाराबाहेर बायका उभ्या होत्या. त्यांनी आधी डबे काढून घेतले.

पुढच्या काचेचे स्क्रू दोनच होते, आणि सारा टीव्ही गंजलेला असून ते दोन तेवढे चकचकीत. रोज फिरवलेले. मी ते काढले. काच आणि पडद्याच्या मध्ये एक फिल्म होती, एक्स-रेला असते तशी, पडद्याएवढी मोठी. मी ती उन्हात धरली.

"हौसराव फोटोवाल्यानं ही केली," मी म्हणाले. "तुम्ही फोटो मोठा करायला दिलात, त्याच फोटोवरून. चेहऱ्याभोवती सगळं काळं. टीव्हीवर चित्र नव्हतंच, हा नुसता दिवा आहे. बाबांच्या हाताखाली उजेडाचं बटण आहे. दिवा मंद केला की फिल्म दिसत नाही. काळ्यावर काळं. वाढवला की चेहरा वर येतो. आठ दिवस लागतात ते स्वर्गाची लाइन लागायला नाही, फिल्म धुवायला. आणि पडद्याला स्नान म्हणजे ही फिल्म बदलणं. माझ्या वडिलांच्या कपाळाला जे आहे ते हौसरावाच्या कुंचल्याचं आहे. आम्ही ते परत पाठवलं होतं. त्याचा आळस, दुसरं काही नाही. त्यानं फळीवर होती ती तसबीर उचलली."

चौरंगाखाली पत्र्याची पेटी होती. मामानं ती उघडली. आत चाळीसेक फिल्मा, मधे पातळ कागद घालून नीट ठेवलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या शाईनं नाव. अक्षर सुंदर होतं.

बाबा म्हणाले, "श्रद्धा नसलेल्याला सगळं फिल्मच दिसणार."

"तुम्हाला काय दिसतंय?" आईनं विचारलं आणि फिल्म त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. बाबांनी मान वळवली. नंतर कळलं, ते पूर्वी तंबूच्या टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचे. पोलिसांना बोलवायला दोन माणसं गेली.

माणसं पेटीभोवती जमली. नावं वाचून ज्याचं त्याला देऊ लागली. एवढ्या माणसांना रोज फसवलं गेलं होतं आणि त्यांतलं कुणीही मूर्ख नव्हतं, हे मला तिथं लिहून ठेवावंसं वाटलं. ज्यांना हिशेबात फसवता येत नाही, बाजारात फसवता येत नाही, त्यांना एका ठिकाणी सहज फसवता येतं आणि बाबांना ते ठिकाण माहीत होतं. म्हणून सांगते. ज्या ठिकाणी आपल्याला सगळ्यात जास्त दुखतं, तिथं कुणी हात घातला की आधी खिडकी उघडायला लावा. वायर काढून बघा. न विचारता कपाळाला काही लावलं तर कुणी लावलं ते विचारा. खरं असेल तर ते उन्हातही राहील.

आईनं पिशवीतले पितळी देव काढले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "ज्येला पायजेत त्यानं न्यावं," ती म्हणाली. "चांगले हायेत. आमच्याकडं जागा न्हाई. पुस्तकं हायेत तिथं."

मला वाटलं, झालं. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

तेवढ्यात धुरपदामावशी पुढं आली. तिच्या एका हातात म्हाळूची फिल्म होती आणि दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं. तिनं फिल्म उन्हात धरली, उलटी केली, मागून बघितली. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जिला सगळं माहीत आहे अशा माणसाला विचारावं तसं तिनं विचारलं.

"बाई, ह्यो फोटू हाय, ते समाजलं. मग माजा म्हाळू कुठं हाय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला फिल्म माहीत होती, दिवा माहीत होता, काळ्याची जागा कुठं ते माहीत होतं. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली, सांग म्हणून.

मी मावशीचा गाठोडं धरलेला हात हातात घेतला. तीन महिने जो शब्द मी टाळला होता तो जिभेवर आला तेव्हा वाटलं होतं त्याहून लहान होता.

"मावशी, म्हाळू मेला," मी म्हणाले. "त्याला भूक लागत नाही. तो अंधारात उभा नाही. माझे वडीलही मेले. दौंडच्या पुलावर, सोमवारी सकाळी. आदल्या दिवशी त्यांनी मला आरसा सरळ धरायला सांगितला होता आणि मी धरला नाही, पुस्तक वाचत होते. ते कुठंही असते तर चुकले म्हणून मी त्यांनाच सांगितलं असतं. नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते."